उजवा हात सोडून

सर्व संबंधितांस कळविण्यात येते की आमची मुलगी डिंपल, वय अकरा, हिचा उजवा हात दोन महिन्यांपूर्वी मनगटाजवळ मोडला. ती कराटे शिकते, त्यामुळे ऐकणाऱ्या प्रत्येकाने "तरी मी सांगत होतो" असं म्हणून घेतलं. वास्तविक हात कराटेच्या वर्गात मोडलाच नाही. तो मोडला चोपड्याला, मामाच्या हळदीत, नाचताना. पोरीचा नाच बंद करा, असं मात्र आजतागायत एकाही नातेवाइकाने सुचवलेलं नाही.

हे सगळं कार्यालयीन भाषेत सांगतोय याचा राग मानू नये. मी धुळ्यात एका सरकारी कचेरीत आस्थापना शाखेला आहे. एकवीस वर्षं टिपण्या लिहिल्यावर माणूस बायकोला भाजीची पिशवीही 'सादर' करतो.

डिंपलला मोडलेल्या हाताचं फारसं दुःख नव्हतं. हिरव्या पट्ट्याची परीक्षा दोन महिन्यांवर आली होती, आणि त्या पट्ट्यासाठी ती वर्षभर घरातल्या दारांना लाथा घालत होती. प्लॅस्टर ओलं असतानाच तिने डॉक्टर अखिल यांना विचारलं, "काका, मी क्लासला कधीपासून जाऊ?"

"दुखणं कमी झालं की. चार-पाच दिवसांत," डॉक्टर म्हणाले.

मी आणि माझी बायको मयुरी, दोघंही दचकलो. डॉक्टरांनी समजावून सांगितलं. लढत नको, उड्या नकोत, पडायची भीती असेल असं काहीच नको. पण पाय कसे ठेवायचे, कंबर कशी वळवायची, श्वास कसा घ्यायचा, आणि काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, ती सावकाश पावलं टाकत, हे सगळं चालेल. दुखलं की थांबायचं. घरी नुसती बसवली तर हात बरा होईल, पण पोर बिघडेल. एवढं बोलून त्यांनी या सगळ्या सूचना चिठ्ठीवर लिहिल्या आणि वर ठळक अक्षरात मथळा दिला: 'उजवा हात सोडून बाकी सराव चालेल.'

इतकं सरळ वाक्य. ते देवपुरात आमच्या कॉलनीच्या हॉलमध्ये पोहोचलं आणि तिथून त्याची प्रगती सुरू झाली.

या हॉलमध्ये सुकदेव सर कराटे शिकवतात. सर एका फटक्यात तीन कौलं फोडतात, पण कागद समोर आला की त्यांना घाम फुटतो. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली. "हात सोडून? म्हणजे हात मोकळा सोडायचा?"

"नाही सर, हात वगळून," डिंपल म्हणाली.

"मग 'वगळून' लिहायचं ना! उद्या काही कमीजास्त झालं तर 'सोडून'चा अर्थ कोणी लावायचा? मी?"

प्रकरण पालक समितीकडे गेलं. अध्यक्ष हस्तीमलजी. त्यांचं कापडाचं दुकान आहे आणि नातू जिनेश याच वर्गात आहे. त्यांनी चहा मागवला आणि माझ्याकडे पाहिलं. "साहेब, तुम्ही ऑफिसातले. एक फॉर्म बनवून टाका. सरांचंही टेन्शन जाईल, बेबीचंही काम होईल."

मी त्याच दिवशी 'प्रपत्र अ' तयार केलं. आयुष्यात इतका सुबक फॉर्म मी दुसरा केलेला नाही. वर विद्यार्थ्याचं नाव, मग '............ (अवयवाचे नाव) सोडून बाकी सराव चालेल', खाली डॉक्टरांची सही आणि शिक्का. आणि सर्वांत खाली तळटीप: 'रिकामी जागा सोडलेले अर्ज स्वीकारले जाणार नाहीत.' ही तळटीप माझीच. तिच्याबद्दल आज बोलवत नाही.

खरं सांगायचं तर पुढचे तीन आठवडे फार छान गेले. डिंपल भिंतीपासून दूर, एका कोपऱ्यात आखून दिलेल्या जागेत सराव करायची. कोणी धक्का देऊ नये म्हणून सरांनी भोवती खडूने चौकोन काढला होता. हात कामात नसल्यामुळे सगळं लक्ष पायांत गेलं, आणि पाय असे काही जमिनीला धरू लागले की एकदा सर सगळ्या वर्गाला म्हणाले, "डिंपलचे पाय बघा." मी खिडकीतून बघत होतो. मला भरून आलं.

मग मासिक बैठक झाली. चेलनाताई नावाच्या एका जागरूक मातेने मुद्दा मांडला, "दुखापत झालेल्या मुलीचीच एवढी काळजी का? आमची मुलं धडधाकट आहेत, त्यांच्या सुरक्षिततेचं काय?"

सुरक्षिततेच्या विरोधात बोलायची कोणाचीच छाती होईना. 'प्रपत्र अ सर्व विद्यार्थ्यांना लागू करावे' असा ठराव एकमताने मंजूर झाला. इतिवृत्त मीच लिहिलं. आपला फॉर्म इतका वर चढला याचा मला अभिमानही वाटला.

सोमवारी बावीस मुलं फॉर्म घेऊन आली. बावीसच्या बावीस मुलांची तब्येत ठणठणीत होती, त्यामुळे बावीसही रिकाम्या जागा रिकाम्या होत्या. सरांनी तळटीप वाचली आणि सगळ्यांना भिंतीला टेकून बसवलं. चटईवर एकटी डिंपल उरली.

हॉल झाडणाऱ्या बेबाबाई दारात थांबल्या. "हाई काय शे, भाऊ? बठ्ठा धडधाकट पोरे बसेल शेतस, आनि जिना हात मोडेल शे तीच एकली कवाईत करी ऱ्हायनी!"

"नियम आहे, मावशी," मी म्हणालो.

"नियमनं डोकं फिरेल शे का?"

सदर प्रश्न विषयपत्रिकेवर नसल्याने त्याची नोंद घेतली नाही.

पालक काही हात बांधून बसणारे नव्हते. गुरुवारी जिनेश परत चटईवर आला. त्याच्या फॉर्मवर 'डाव्या पायाची करंगळी' होती. शुक्रवारी दोन घोटे आणि एक कोपर आलं. छोट्या प्रियलच्या फॉर्मवर 'दुधाचा दात' होता. तो चार दिवसांत पडला, तेव्हा तिला पुढच्या दाताचा नवीन फॉर्म आणावा लागला. एका गृहस्थांनी घाईघाईत मुलाच्या नावापुढे 'डोके' असं भरून आणलं. 'डोके सोडून बाकी सराव चालेल.' फॉर्म पूर्ण भरलेला असल्यामुळे सरांनी तो निमूटपणे फाइलला लावला.

पुढे पुढे तर अवयवांत मानपान सुरू झाला. करंगळीवाल्यांकडे कोणी बघेना. "आमच्याकडे खांदा आहे, एमआरआयसकट," असं एक आई मला जिन्यात थांबवून सांगून गेली. हॉलमध्ये तेवीस मुलं तेवीस तऱ्हांनी सराव करत होती. कोणी मान हलवत नव्हतं, कोणी गुडघा वाकवत नव्हतं, आणि सगळ्यांच्या अंगात घोड्याचं बळ होतं. खरी दुखापत तेवढी डिंपलची होती. तिच्याभोवतीचा चौकोन मात्र गर्दीत पुसला गेला, कारण आता तिचं विशेष असं काही राहिलं नव्हतं.

यथावकाश प्लॅस्टर निघालं. डॉक्टरांनी व्यायाम दिले, तिने ते न चुकता केले. गेल्या सोमवारी फोटो पाहून डॉक्टर म्हणाले, "एक नंबर जुळलंय. आता सगळं कर. लढतसुद्धा." डिंपल दवाखान्यातच एक गुद्दा हवेत मारून मोकळी झाली.

त्याच संध्याकाळी तिला भिंतीला टेकून बसवण्यात आलं.

"नव्या फॉर्मवर रिकामी जागा रिकामी आहे," सुकदेव सर खाली बघत म्हणाले. "परीक्षेलाही हाच फॉर्म लागणार. मी काय करू, साहेब?"

मी तातडीने तळटीप रद्द करण्याचा प्रस्ताव मांडला. सगळे पालक एका सुरात उखडले. एवढी धावपळ करून, ओळखी काढून अवयव मिळवले, आता नियम बदलला तर त्या कागदांची किंमत काय? प्रस्ताव बावीस विरुद्ध एक असा फेटाळला गेला. हस्तीमलजी मात्र आपुलकीने जवळ आले. "साहेब, फॉर्म तर तुमचाच आहे. कशाला भांडता? एखादी करंगळी बघून घ्या ना. लहानशी."

मी डॉक्टर अखिल यांच्याकडे गेलो. एखादं बोट तरी ठेवा म्हणालो.

"योगेंद्रभाऊ," ते म्हणाले, "मोडलेला हात मी जोडून देतो. चांगला हात मोडून द्यायचं काम माझ्याकडे होत नाही." असे डॉक्टर असतात, म्हणून सामान्य माणसाची कामं अडतात.

घरी आलो तर डिंपल पांढरा गणवेश घालून ओट्यावर बसलेली. "पप्पा, हात मोडला होता तेव्हा सर मला येऊ देत होते. आता माझं काय चुकलं?"

आयुष्यात तीन मेमो मिळाले, पण इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं. ती उठली, अंगणात गेली आणि दोन्ही हातांनी, पूर्ण ताकदीने, सगळा काता एकटीने करत राहिली. एकही चूक नाही. बघायला मी सोडून कोणी नव्हतं.

परीक्षा रविवारी आहे. फॉर्म शुक्रवारपर्यंत द्यायचा आहे. तरी वाचकांना नम्र विनंती, की फारसे प्रश्न न विचारता एक करंगळी लिहून देईल असा एखादा डॉक्टर आपल्या माहितीत असल्यास त्यांचा नंबर तातडीने कळवावा. धुळ्यात नसेल तर जळगावलाही जायची तयारी आहे. 'आम्ही असल्या कोणाला ओळखत नाही' असं कळवण्याची तसदी घेऊ नये. ही विनंती वाचता वाचता आत्ता तुम्हाला जे नाव आठवलं, तेच पाठवा.