खोलगटपणाची पाहणी

वादळात धरणाच्या सांडव्याला भगदाड पडले. खात्याने ही बाब अत्यंत गांभीर्याने घेतली आणि त्याला भगदाड म्हणायचे नाही असे ठरवले.

सांडवा म्हणजे धरणातले जादा पाणी खाली सोडायची काँक्रीटची घसरगुंडी. तिच्या मधोमध अख्खा ट्रक मावेल एवढी पोकळी झाली होती. धरण सांभाळणाऱ्या अभियंताबाई चिखलाच्या बुटांनिशी थेट वरिष्ठांच्या दालनात शिरल्या.

"साहेब, खड्डा धरणाच्या पायाकडे सरकतोय. पुढचं वादळ यायच्या आत भरायला हवा."

"बाई, खड्डा रस्त्याला पडतो," साहेब गालिच्यावरच्या डागांकडे पाहत म्हणाले. "धरणाला स्थानिक खोलगटपणा येतो."

खोलगटपणा भरण्यासाठी मोठाले दगड मागवले गेले आणि नवल म्हणजे ते आलेही. पण तेवढ्यात माननीयांचा पाहणी दौरा ठरला. तातडीची परिस्थिती पाहणीनंतरच जाहीर होणार होती, आणि ती जाहीर होण्याआधी तातडीने काही करणे नियमबाह्य होते. माननीय हेलिकॉप्टरने येणार, म्हणजे उतरायला जागा हवी. माळावर तर नुसता चिखल. साहेबांची नजर दगडांवर गेली.

"ते खड्ड्यासाठी आहेत," बाई म्हणाल्या.

"खड्डा नाही म्हटलं ना. आणि खोलगटपणा काय पळून जातोय?"

दगड चिखलात दाबले गेले, वर काँक्रीट पडले, मधोमध पांढरे वर्तुळ उमटले. धरणाच्या परिसरात इतके मजबूत बांधकाम बऱ्याच काळात झाले नव्हते.

दुसऱ्या वादळाला दौऱ्याची कल्पना देणे मात्र राहून गेले. ते माननीयांच्या आधी पोचले. पाणी सोडणे भाग होते, सोडलेल्या पाण्याने पोकळी आणखी कुरतडली आणि ती पायाला जाऊन भिडली. पाऊस जरा थांबताच बाईंनी सांडव्याचे दरवाजे बंद करायला लावले. आता धरण काठोकाठ भरायच्या आत पोकळी बुजवायची होती. नवे दगड आणायला रस्ता उरला नव्हता. बाईंनी खालच्या गावाला टेकडीवर जायला सांगितले. त्या गावात त्यांच्या सासूबाई राहत होत्या. मग बाई पोकलेन घेऊन पांढऱ्या वर्तुळापाशी आल्या.

"हे फोडायला लेखी हुकूम लागेल, बाई," पोकलेनवाला म्हणाला.

"तोंडी देते. गेली तर माझी नोकरी जाईल."

"तुमची नोकरी, आणि माझं घर. खालीच आहे ते," असे म्हणून त्याने यंत्र सुरू केले.

वर्तुळ फुटले. दगड उपसले गेले, पोकळीत पडले, फटींत काँक्रीट ओतले गेले. तिकडे पाणी हळूहळू काठाकडे चढत होते. ते काठाखाली वीतभर उरले तेव्हा बाईंनी दरवाजे उघडायला सांगितले आणि डोळे मिटून घेतले. पाणी धडधडत दगडांवरून गेले. दगड हलले नाहीत. बाई तिथेच ओल्या मातीत बसल्या. कोणी तरी चहा दिला.

तेवढ्यात फोन वाजला. सासूबाई होत्या.

"सूनबाई, तुझ्या सांगण्यावरून अख्खं गाव टेकडीवर जाऊन बसलं. दूध नासलं, माझे गुडघे धरले. आणि झालं काय? काहीच नाही."

"काहीच होऊ नये म्हणूनच सगळं चाललं होतं, आई."

"मग तसं आधी सांगायचंस. लोक मला विचारतायत."

साहेबांनी शासकीय हेलिपॅडची नासधूस केल्याबद्दल बाईंवर चौकशी बसवली. वर्तमानपत्रांनी उखडलेल्या हेलिपॅडचा फोटो पहिल्या पानावर छापला. न फुटलेल्या धरणाचा फोटो कोणी काढलाच नव्हता. त्यात बघण्यासारखे असते तरी काय?

आणि त्यांनाच कशाला नावे ठेवायची? खरे सांगा, दगड चिखलात दाबले गेले तेव्हापासून तुम्हीही धरण आता फुटतेय की मग, याचीच वाट पाहत होता ना? नाही फुटले. झालेल्या गैरसोयीबद्दल खाते दिलगीर आहे.