कुठलाही एक अँटिव्हायरस

"अहो, कॉम्प्युटरवर कोपऱ्यात सारखी ती लाल पाटी येते. तेवढा एक अँटिव्हायरस बघा ना. कुठलाही चालेल."

मंगळवारी सकाळी चपलेचा पट्टा लावता लावता बायको एवढं म्हणाली आणि शाळेत निघून गेली. तिच्या दृष्टीने विषय संपला होता. माझ्या दृष्टीने तो तिथून सुरू झाला, कारण तिने 'कुठलाही' हा शब्द वापरला. मी बावीस वर्षं कचेरीच्या खरेदी विभागात कारकून आहे. आमच्याकडे 'कुठलाही' असा शब्दच नाही. साधे स्टेपलर घ्यायचे होते, तर मी चार महिने लावले होते. (त्या चार महिन्यांत सगळी कचेरी टाचण्या वापरायला शिकली आणि स्टेपलर अजून खोक्यात आहेत, हा भाग वेगळा.)

तेव्हा मी रीतसर तुलनात्मक तक्ता केला. चौदा रकाने. किती व्हायरस पकडतो, किती वेळात पकडतो, पकडल्यावर काय करतो, वगैरे. शेजारच्या टेबलावरच्या आवक-जावक कारकुनाने माहितीत भर घातली.

"माझ्या मेव्हण्याच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला होता," तो आवाज खाली आणून म्हणाला. "आपोआप पत्रं जायला लागली. साहेबाला."

"कसली पत्रं?"

"राजीनाम्याची."

"मग?"

"मंजूर झाला ना!"

मी हादरलो. त्या दिवशी घरी आल्यावर मी कॉम्प्युटरच्या खोलीत शिरताना आधी डोकावून पाहिलं.

शुक्रवारपर्यंत तक्त्यात तीन नावं उरली. तिघांनाही सारखेच गुण. नावं इंग्रजी आणि जिभेला न झेपणारी, म्हणून मी त्यांना त्यांच्या चित्रांवरून ओळखत असे: बुरूजवाला, गेंडेवाला आणि घुबडवाला. तिघेही महिनाभर फुकट वापरून बघा म्हणत होते. माझ्यातला खरेदी कारकून जागा झाला. नमुने मागवायचे, सगळे एकाच टेबलावर ठेवायचे आणि तपासायचे! शनिवारी दुपारी बायको शाळेत बैठकीला गेली, आणि मी तिघांनाही एकदमच आत घेतलं.

बुरूजवाला निमूट बसला. गेंडेवाला मात्र दारातच अडला. "या कॉम्प्युटरवर दुसरा अँटिव्हायरस आढळला आहे. आधी तो काढून टाका," अशी सूचना आली. मला हसू आलं. एका पुरवठादाराने दुसऱ्याबद्दल तक्रार करणं आम्हाला काय नवीन? अशा तक्रारी आम्ही फायलीला लावतो आणि पुढे जातो. मी 'दुर्लक्ष करा' दाबलं. घुबडवाल्याने तर दोघांचीही तक्रार केली. तिलाही मी फायलीला लावलं.

पहिली पाच मिनिटं शांततेत गेली. मग बुरूजवाल्याने जाहीर केलं, "धोका! एक अनोळखी प्रोग्रॅम तुमच्या फायली वाचत आहे." तो गेंडा होता. तेवढ्यात गेंड्याने कळवलं की कोणीतरी त्याच्यावर पाळत ठेवून आहे. तो बुरूज होता. घुबडाने दोघांनाही संशयित म्हणून नोंदवलं आणि पडद्यावर लाल, पिवळ्या आणि पुन्हा लाल पाट्यांची रांग लागली. आतला पंखा असा घुमायला लागला की कॉम्प्युटर टेबलावरून उडतो की काय असं वाटून मी त्यावर हात ठेवला. हात भाजला.

घाबरलो, पण मनातून सुखावलोही. चाचणी सुरू झाल्यावर दहा मिनिटांत एवढा धोका सापडत असेल, तर आजवर आपण कशाच्या तोंडाशी बसून रेल्वेची तिकिटं काढत होतो!

आणि मग घुबडाने कमाल केली. इतर दोघे भांडत असताना त्याने खरी शिकार आणली. "अत्यंत धोकादायक! सात फायलींमध्ये लपलेले मॅक्रो सापडले." मॅक्रो म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं, पण लपलेलं म्हणजे वाईटच. फायलींची नावं वाचून तर अंगावर काटा आला. व्हीपी-१, व्हीपी-२, अशा थेट व्हीपी-७ पर्यंत. व्हीपी! व्हायरस प्रोग्रॅम! निर्लज्जपणा बघा, नावसुद्धा लपवलेलं नाही. खाली दोन बटणं होती: 'बाजूला ठेवा' आणि 'कायमचे नष्ट करा'.

चोर सापडल्यावर त्याला कोणी बाजूला ठेवतं का? मी 'कायमचे नष्ट करा' दाबलं. "नक्की?" असं घुबडाने विचारलं. (त्या पक्ष्याला माझ्यापेक्षा जास्त अक्कल होती.) "नक्की," मी दाबलं. वर मोठ्याने म्हणालोसुद्धा.

पाच वाजता बायको आली. एक चप्पल काढून दुसरीला हात घालते आहे, तोवर मी बातमी दिली.

"सात पकडले! सातही संपवले!"

"काय, झुरळं?"

"व्हायरस! तुझ्या त्या कॉम्प्युटरमध्ये घर करून बसले होते. नावानिशी. व्हीपी-१ ते व्हीपी-७."

तिचा हात चपलेवरच थांबला.

"व्हीपी?"

"व्हायरस प्रोग्रॅम," मी समजावून सांगितलं.

"वेळापत्रक," ती म्हणाली.

"कसलं वेळापत्रक?"

"व्हीपी म्हणजे वेळापत्रक. शाळेचं. सोमवारपासून लागू होणारं."

इथे सांगायला हवं की माझी बायको शाळेत शिकवते आणि उपमुख्याध्यापिकाही आहे. सबंध शाळेचं वेळापत्रक तिच्याकडे असतं. चोवीस तुकड्या, बेचाळीस शिक्षक, दिवसाला आठ तास. कोणाचा तास कोणावर आदळू नये म्हणून तिने त्या फायलीत कसली कसली आपोआप चालणारी गणितं बसवली होती. त्यांनाच मॅक्रो म्हणतात, हे ज्ञान मला त्या वेळी झालं. तीन आठवडे ती रोज संध्याकाळी त्यावर बसत होती. मी तिला चहा नेऊन देत होतो. म्हणजे व्हायरस वाढत असताना त्याला चहा मीच पाजला होता.

तिने आरडाओरडा केला असता तर मला धीर आला असता. ती चपलांच्या कपाटावर नुसती बसून राहिली. मग एकदम उठली. "पेन ड्राइव्ह! पेन ड्राइव्हवर आहे सगळं!" आणि एका पायात चप्पल तशीच ठेवून आत धावली. मी मागे धावलो. पेन ड्राइव्ह होता. कॉम्प्युटरलाच लावलेला होता. सातपैकी तीन व्हीपी घुबडाने तिथूनच वेचून आणले होते.

"कोणाला ईमेल केलं असशील," मी म्हणालो.

"सोमवारी करणार होते."

"कागदावर?"

"कच्चे कागद परवा तुम्ही रद्दीत दिलेत. पसारा नको म्हणून."

कोपऱ्यावरच्या दुकानातून कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या बाईंना बोलावलं. शांत स्वभावाच्या, चष्मा कपाळावर. त्यांनी पडदा पाहिला आणि चष्मा डोळ्यांवर घेतला.

"हे तिघे एकत्र कोणी बसवले?"

"तुलना करायची होती," मी म्हणालो.

"तीन सासवा एका स्वयंपाकघरात बसवल्यात तुम्ही." त्यांनी एकेकाला बाहेर काढायला सुरुवात केली. गेंडा जाता जाईना. दोन तास त्या खटपट करत होत्या, आणि शेवटी एक व्हीपी परत आला. आम्ही दोघं श्वास रोखून वाकलो. वर 'वेळापत्रक' हा मथळा होता, खाली 'मुख्याध्यापकांची सही', आणि मध्ये शेकडो चौकोन. रिकामे.

"एवढंच निघतंय," बाई म्हणाल्या.

"बरं, आता निदान चांगला अँटिव्हायरस कुठला, तो तरी सांगा," मी चाचरत विचारलं.

"का? आहे ना यात."

"कुठे आहे?"

"पहिल्यापासून आहे. कॉम्प्युटरबरोबरच येतो तो. चांगला आहे, चालू आहे. वेगळा कशाला घेताय?"

"मग ती लाल पाटी?"

"जाहिरात होती ती. घालवली."

एवढं बोलून त्यांनी चष्मा पुन्हा कपाळावर चढवला. चौदा रकाने, पाच दिवस आणि तीन आठवड्यांचं बायकोचं काम, हे सगळं मी एका जाहिरातीला घाबरून वाया घालवलं होतं. मी भिंतीला टेकलो. बायकोने माझ्याकडे पाहिलंही नाही. ती बाईंना म्हणाली, "बसा, चहा टाकते." मला विचारलं नाही.

रविवारी सकाळी तिने माझ्यासमोर एक वही ठेवली. शिक्षकांची नावं आणि फोन नंबर. "माझ्याकडे नव्वद पेपर तपासायचे आहेत, तेही उद्याच द्यायचेत. वेळापत्रक तुम्ही करा."

"मी?"

"नष्ट करताना विचारलं होतंत?"

मी जेवणाचं टेबल रिकामं केलं, माझ्या तुलनात्मक तक्त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर चोवीस तुकड्या आखल्या, आणि वहीतल्या पहिल्या नंबरपासून सुरुवात केली. बायको पलीकडच्या खोलीत पेपर तपासत होती. मधूनच "ही नदी डोंगरावर चढते आहे!" असं काहीतरी तिच्याकडून ऐकू येई.

गणिताच्या सरांनी फोन घेतला. "जेवणानंतर गणित नको. मुलं झोपतात."

"बरं. जेवणाआधी ठेवतो."

"छे! तेव्हा भुकेली असतात."

चित्रकलेच्या बाईंना सलग दोन तास हवे होते, कारण एका तासात रंग वाळत नाहीत. विज्ञानाच्या बाईंना प्रयोगशाळेच्या वरच्या वर्गात संगीत नको होतं, कारण मागच्या वर्षी कोरसमध्ये दोन परीक्षानळ्या फुटल्या होत्या. खेळाच्या सरांना पहिला तास नको.

"का बरं?"

"मी शाळेत पळत येतो. पहिल्या तासाला दमलेला असतो."

दुपारपर्यंत माझा कान लाल झाला. टेबलावर चिठ्ठ्यांचा सडा पडला होता. एक चिठ्ठी हलवली की पाच आदळत होत्या, आणि पंखा लावायची सोय नव्हती. बायको तीन आठवडे रोज संध्याकाळी काय करत होती, ते मला तेव्हा कळलं. मला वाटायचं, ती टाइप करते.

तीनच्या सुमाराला भूगोलाचे सर फोनवर आले.

"तुम्हाला कुठला तास नको?" मी थकून विचारलं.

"मला काय, कुठेही घाला."

"कुठेही?"

"कुठेही. माझी काही अडचण नाही."

बावीस वर्षांच्या नोकरीत असा पुरवठादार मला भेटला नव्हता. माझे डोळे भरून आले. त्यानंतर वेळापत्रक भराभर पुढे सरकलं. जिथे भूगोल, तिथे सर! सोमवार भरला, मंगळवार भरला, शनिवारपर्यंत सगळं भरलं. वहीतले सगळे नंबर संपले. संध्याकाळी दोन बोटांनी मी ते टाइप केलं आणि बायकोला दाखवलं. तिने लाल पेनाने एकेक तुकडी मोजली. प्रत्येक तुकडीला आठ तास, प्रत्येक विषय जागेवर. शिक्षकांच्या नावांचा वेगळा कागद शाळेत काढायचा होता. तो बघायला तिच्या अंगात त्राण नव्हतं.

"ठीक दिसतंय," ती म्हणाली.

तेवीस वर्षांच्या संसारातलं हे सर्वात मोठं कौतुक. मी ते पेपर तपासणाऱ्या बाईंच्या तोंडून ऐकलं, म्हणजे पासापुरते गुण नक्की होते.

सोमवारी कचेरीत फोन वाजला की मी दचकत होतो. अकरा वाजता तिचाच आला. "घरी आल्यावर बोलू," एवढं म्हणून तिने ठेवला. त्या तीन शब्दांनी माझं उरलेलं काम तमाम झालं. आवक-जावक कारकुनाने मला दोनदा पाणी आणून दिलं.

घरी पोचलो तर काय, बायको सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेली. चेहरा ताजातवाना. हसरा! मला आणखीच धडकी भरली.

"चाललं का गं?"

"चाललं. फक्त भूगोलाचे सर पाचव्या तासाला वर्गात गेले, 'पुस्तकं उघडा' म्हणाले आणि खुर्चीत बसल्या बसल्या झोपले. तुम्ही त्यांना आठवड्याला अठ्ठेचाळीस तास दिलेत. शाळेतच अठ्ठेचाळीस आहेत. त्यांना पाणी प्यायलाही सोडलं नाहीत."

"ते म्हणाले, कुठेही घाला!"

"कुठेही म्हणाले. सगळीकडे नव्हे."

मी भूगोलाचे तास कमी करायला कागद-पेन शोधू लागलो.

"आणि दुसऱ्या एका शिक्षिकेला," ती पुढे म्हणाली, "एकही तास नाही. अख्ख्या आठवड्यात. आज सकाळपासून शिक्षकांच्या खोलीत बसून होत्या."

"अरे बापरे! शक्यच नाही! वहीतल्या प्रत्येकाला मी फोन केलाय. मोजून एकेचाळीस!"

"शिक्षक बेचाळीस आहेत."

मी पुरता खजील झालो. बिचाऱ्या बाई! त्यांना काय वाटलं असेल! चूक कबूल करायला मी मागेपुढे पाहणारा माणूस नाही. मी तडक फोन काढला. "मी आत्ताच्या आत्ता त्यांची माफी मागतो. वहीत नसेल, तू नंबर सांग."

"तुमच्याकडे आहे नंबर. 'घर' नावाने असेल बघा."

मी 'घर' शोधलं, घसा साफ केला, बाईंना काय म्हणायचं ते मनात जुळवलं आणि बटण दाबलं. समोरच्या टेबलावर बायकोचा फोन वाजायला लागला. तिने सावकाश हात लांब केला, फोन उचलला आणि कानाला लावला.

"बोला," ती माझ्याकडे बघत म्हणाली. "मी मोकळीच आहे. आठवडाभर."