आबा, वय चौऱ्याहत्तर

एक गोष्ट मी छाती ठोकून सांगतो. आमच्या अख्ख्या शहरात ‘खलाशी’ फुटबॉल संघाचा माझ्याएवढा कट्टर चाहता शोधून सापडणार नाही! अर्थात दुसरा चाहताच नाही, त्यामुळे मला पहिला नंबर मिळवायला फार कष्ट पडले नाहीत.

हे खलाशी समुद्रापलीकडच्या एका गारठलेल्या बंदरात राहतात. ते गाव मी पाहिलेलं नाही आणि पुढेही पाहीन असं वाटत नाही. मी प्राण्यांच्या दवाखान्यात कारकून. एकोणीस वर्षांपूर्वी आमच्याकडे जंताच्या औषधाचं एक खोकं आलं. बाटल्या फुटू नयेत म्हणून आत तिकडच्या वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले होते. एक बोळा मी सहज उलगडला, तर आत फोटो! गोलकीपर चिखलात बसलाय, मागे जाळ्यात चेंडू, आणि हा गृहस्थ शांतपणे बुटाची नाडी बांधतोय. खाली निकाल छापलेला : शून्य विरुद्ध सात. म्हटलं, हा आपला माणूस! सात गोल खाऊन नाडी नीट बांधणारा माणूस तोवर मी फक्त आरशात पाहिला होता.

तेव्हापासून दर शनिवारी संध्याकाळी मी काउंटरमागे बसून, एका कानात इयरफोन खुपसून सामना ऐकतो. त्यांची भाषा मला कामापुरती येते. म्हणजे ‘हरलो’ हे अकरा प्रकारे सांगितलं तरी समजतं.

तर मागच्या हिवाळ्यात क्लबने जाहीर केलं, परदेशात कुठेही चाळीस सभासद जमले तर तिथल्या शाखेला अधिकृत मान्यता! खराखुरा झेंडा पाठवणार, आणि सामन्याआधी मैदानावर शाखाप्रमुखाचं नाव वाचणार! माझं नाव! आठ हजार लोकांसमोर! त्या रात्री मला आनंदाने जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून सभासद गोळा करायला लागलो. सुरुवात घरातून.

“सही कर,” मी बायकोला म्हटलं.

“कशाला? शनिवारी तोंड पाडून बसायला या घरात एक माणूस पुरे आहे!”

शेवटी कुरकुरत का होईना, केली तिने सही. न्हाव्यानेही केली, पण केस कापताना हा विषय काढायचा नाही या अटीवर. सासरेबुवा मात्र कडाडले, “हरणाऱ्यांच्या मागे मी उभा राहत नाही, जावईबापू! आधी जिंकून दाखवा म्हणावं!”

झाले किती? मी धरून तीन. मुदतीला उरले दोन दिवस.

आणि त्या मंगळवारी दुपारी, दवाखान्यात चिटपाखरू नसताना, माझी नजर समोरच्या पेशंटांच्या रजिस्टरवर गेली. क्रमांक. नाव. वय. लक्षणं. क्लबच्या फॉर्मवर काय होतं? क्रमांक. नाव. वय. थोडक्यात परिचय. तुम्हीच सांगा, मोह कुणाला होणार नाही?

घेतलं पेन, आणि उतरवली सदतीस नावं! बंड्या. सोनी. मन्या. राणी. पिंकी. कुठे लिहिलंय की हे बोकड आहेत, मांजरं आहेत, का पोपट? इथवर ठीक होतं. परिचयाचा रकाना कोरा सोडला असता तर पुढचं रामायण घडलंच नसतं. पण एकोणीस वर्षं कारकुनी केलेला मी! कोरा रकाना दिसला की माझ्या बोटांना खाज सुटते. मी लक्षणं त्यांच्या भाषेत जशीच्या तशी उतरवून काढली. ‘बंड्या, वय चार, दिसेल त्याच्या अंगावर धावून जातो.’ ‘राणी, वय सहा, दिवसभर खाते, रात्री ओरडते.’ आणि शेवटी, ‘आबा, वय चौऱ्याहत्तर, हालचाल अतिशय मंद, अन्नावर वासना नाही, चार महिने डोकं बाहेर काढलेलं नाही.’

आबा म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंचं कासव. बाईंना ते वडिलांकडून मिळालं होतं, आणि बाईंच्या घरात बोलायला तेवढंच एक होतं. दर शनिवारी त्या टोपली घेऊन यायच्या आणि बाकावर बसायच्या. डॉक्टर दरवेळी सांगायच्या, “बाई, त्याला ऊब द्या.” बाई दरवेळी म्हणायच्या, “माझ्या घराच्या खिडक्या बारा महिने उघड्या असतात. शिस्त म्हणजे शिस्त!” पण परत जाताना टोपलीवर असा हात ठेवायच्या की मी काउंटरमागून उठून त्यांच्यासाठी दार उघडायचो.

तीन आठवड्यांनी क्लबच्या चिटणीसबाईंचं पत्र आलं. वाचलं आणि आधी पेशंटांचं रजिस्टर खणात लपवलं.

‘तुमच्या आबांबद्दल वाचून आम्ही सगळे हेलावलो,’ त्यांनी लिहिलं होतं. ‘चार महिने आम्ही एकही सामना जिंकलेलो नाही, आणि चार महिने या वृद्ध गृहस्थांनी मान वर केलेली नाही! जेवणही सोडलं! आमच्या कप्तानाने हे ड्रेसिंगरूममध्ये मोठ्याने वाचलं. गोलकीपर रडला. यापुढचा प्रत्येक सामना आम्ही आबांसाठी खेळू. ता. क. बंड्या यांच्यासारखा माणूस आमच्या बचावफळीत हवा होता.’

त्या शनिवारी खलाशी जिंकले! पुढच्या शनिवारी पुन्हा जिंकले! प्रेक्षकांनी ‘आबा’ लिहिलेले फलक आणले! कानात समालोचक ‘आबा, आबा’ करत होता आणि समोर आबा टोपलीत दगडासारखे पडून होते. मला हसावं का रडावं कळेना.

मग दुसरं पत्र आलं. हंगामाचा शेवटचा सामना. किमान बरोबरी झाली तर संघ टिकणार, हरला तर खालच्या गटात, आणि खालच्या गटात गेला तर क्लबलाच कुलूप! मध्यंतरात मैदानावरच्या भल्यामोठ्या पडद्यावर, व्हिडिओ कॉल करून, आबांनी मुलांना दोन शब्द सांगावेत, अशी नम्र विनंती.

मी बायकोला सगळं खरं सांगून टाकलं. ती पाच मिनिटं नुसती हसत होती.

“अहो, मग कळवून टाका ना, कासव आहे म्हणून!”

“आणि मुलांचा धीर सुटला म्हणजे? एकोणीस वर्षांत पहिल्यांदा लागोपाठ जिंकतायत गं ती! माझ्या एका रकान्यापायी संघ बुडायचा!”

माझा चेहरा बघून तिचं हसू थांबलं. “बरं बरं. म्हातारा माणूसच हवाय ना? माझे वडील आहेत की.”

सासरेबुवांनी आधी नाही म्हटलं. मग आठ हजार लोक टाळ्या वाजवतील हे ऐकलं आणि दाढी करायला उठले. अडचण एवढीच की सासरे रोज सहा किलोमीटर चालतात, दोन वेळा पोटभर जेवतात आणि त्यांची मान झोपेतसुद्धा ताठ असते.

“मामा, जरा खचल्यासारखं बसायचं. मान खाली.”

“का म्हणून? मी काय गुन्हा केलाय?”

“आणि बोलायचं अगदी क्षीण आवाजात.”

“हा माझा क्षीणच आवाज आहे!” ते गरजले, आणि शेजारच्याने खिडकी लावून घेतली.

शनिवारी रजा मिळेना, म्हणून कॉल दवाखान्यातूनच करायचं ठरलं. डॉक्टर ऑपरेशनच्या खोलीत अडकल्या होत्या. मी तपासणीच्या खोलीत सासऱ्यांना खुर्चीवर बसवलं, खांद्यावर शाल घातली, आणि चेहरा नीट दिसावा म्हणून टेबलावरचा मोठा दिवा त्यांच्यावर रोखला. मोबाइल औषधाच्या बाटलीला टेकवला. खलाशी एक गोलने मागे होते.

मोबाइल वाजला. पडद्यावर मैदान! जे एकोणीस वर्षं फक्त कानाने पाहिलं होतं, ते हिरवंगार मैदान! खेळाडू घोळका करून उभे, कप्तान पुढे, मागे गच्च भरलेली माणसं. माझे डोळेच भरून आले.

“आबा!” कप्तान म्हणाला. “आम्हाला काही सांगाल?”

मी सासऱ्यांना भाषांतर करून सांगितलं. त्यांनी शाल झटकली, आणि उभेच राहिले!

“सांगतो की! तो डावीकडचा मुलगा खेळायला आलाय का फिरायला? माझं वय झालं तरी मी त्याच्यापेक्षा जोरात पळेन! आणि मान वर करा सगळे! काय खांदे पाडून उभे राहिलात!”

“काय म्हणतायत?” कप्तानाने विचारलं.

“म्हणतायत... फार अशक्तपणा आहे,” मी म्हणालो.

आणि नेमक्या त्याच क्षणी दार उघडलं. टोपली घेऊन मुख्याध्यापिकाबाई आत आल्या. मोबाइलमधून पुन्हा आवाज आला, “आबा! आबा!” आता आठ हजार लोक एका सुरात ओरडत होते.

“अगबाई! आमच्या आबाला कोण हाका मारतंय?” बाई म्हणाल्या.

“बाई, नंतर सांगतो, तुम्ही जरा बाहेर...”

“नंतर कशाला? हाक मारली की हजर म्हणायचं असतं!” चाळीस वर्षं हजेरी घेतलेली बाई ती! माझा हात पोचायच्या आत त्यांनी सासऱ्यांना बाजूला सारलं, टोपलीतून कासव काढलं, आणि मोबाइलसमोर, दिव्याच्या बरोब्बर खाली ठेवलं.

“हा आमचा आबा,” त्या मोबाइलला म्हणाल्या. “वय चौऱ्याहत्तर. बोला.”

मैदान चिडीचूप झालं. संपलं, म्हटलं! एकोणीस वर्षांचं प्रेम, संघ, क्लब, सगळं या टेबलावर पालथं पडलं! खाली मान घालून मी तिकडच्या भाषेत पुटपुटलो, “माफ करा. हे कासव आहे. बाकीचेही... बहुतेक सगळे आमचे पेशंट आहेत. मी आणि दोघं सोडून.”

कप्तान बघत राहिला. मागचा गोलकीपर पुढे सरकला. मला फोन बंद करायचं बटणही सापडेना.

तेवढ्यात बाईंनी माझं मनगट गच्च धरलं. “हलू नका,” त्या कुजबुजल्या.

दिव्याची ऊब पाठीवर पाच मिनिटं तरी पडली असेल. कवचाच्या कडेशी काहीतरी हललं. आधी नाकाचं टोक. मग एक डोळा. मग ती सुरकुतलेली, चिवट मान हळूहळू, अगदी हळूहळू बाहेर आली, आणि आबांनी मान उंच करून थेट कप्तानाकडे पाहिलं!

आठ हजार लोकांचा असा जल्लोष झाला की बाटलीला टेकवलेला मोबाइल आडवा पडला! मी तो उचलून बघतो तर कप्तान गवतावर बसून पोट धरून हसतोय, गोलकीपर नाचतोय, आणि सगळे खेळाडू मान उंच करून मैदानात पळतायत. इकडे बाई रडत होत्या. चाळीस वर्षांत ज्यांना कुणी हसताना पाहिलं नाही, त्या बाई हसत हसत रडत होत्या आणि आबांपुढे काकडीची चकती धरत होत्या. आबांनी ती खाल्ली! सासरे म्हणाले, “पोरांनी मान वर केली की नाही? मी सांगितलं म्हणून!”

सामना बरोबरीत सुटला. शेवटच्या मिनिटाला झालेला तो गोल इतका सावकाश घरंगळत जाळ्यात गेला, की तो आबांनीच मारला असावा असा मला अजून संशय आहे. पण संघ टिकला! क्लब टिकला! मी आणि सासऱ्यांनी एकमेकांना मिठी मारली. लग्नानंतर पहिल्यांदाच.

ऑपरेशन आटोपून डॉक्टर बाहेर आल्या. सगळं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. “तुम्ही माझ्या पेशंटांना फुटबॉलमध्ये भरती केलंत?” मग त्यांची नजर काकडी खाणाऱ्या आबांवर गेली, आणि पुढचं ओरडणं त्यांनी गिळलं. बाईंनी त्याच दिवशी घराच्या खिडक्या लावून घेतल्या. आता त्या आबांना घेऊन दर शनिवारी सामना ऐकायलाच येतात. सासरेही येतात, आणि डावीकडच्या मुलाला शिव्या घालतात. माझ्या काउंटरमागे बसायला जागा उरत नाही. इतक्या गर्दीत हरण्याचीही मजा येते हो!

मागच्या महिन्यात पार्सल आलं. आत खराखुरा झेंडा! शाखेला मान्यता! घाईघाईने प्रमाणपत्र उघडलं. शाखाप्रमुख : आबा. खाली चिटणीसबाईंनी हाताने लिहिलं होतं, ‘दिवा धरणाऱ्या त्या गृहस्थांनाही आमचे आभार कळवा.’

सोबत तिकडच्या वर्तमानपत्राचं कात्रण होतं. पहिल्या पानावर मैदानाचा भलामोठा पडदा, आणि त्यावर मान उंच केलेले आबा. मी ते चौकटीत घालून काउंटरवर लावलंय, नाडी बांधणाऱ्या गोलकीपरच्या शेजारी. कधी आलात तर जरूर बघा. अगदी उजव्या कडेला, दिव्याच्या मागे, एक कोपर दिसतं.

ते माझं.