दोन घंटा म्हणजे नाही

सत्यवती पूजेच्या पाटावर बसणार, तोच पुतण्या गौरेश खांद्यावर निळ्या केबलचं वेटोळं घेऊन दारात उभा! सोमवारी आरती होईपर्यंत तिचं मौन असे. नवरा गेल्यापासूनचं व्रत. तसं इतर वारीही डिचोलीच्या त्या घरात बोलायला कोण होतं म्हणा.

"काकी, आज तुझो कॉम्प्युटर आमच्या कॉम्प्युटराक जोडतां. मग प्रशांताचीं पत्रां मस्कतसून थेट तुझ्या घरात! दर शनवारी कागद घेवन माका येवक नको."

लेकाची ही ई-पत्रं गौरेश छापून आणी; असत चार ओळींची. पण ती वाचून झाल्यावर गौरेश चहात पोयीचा पाव बुडवून खाई आणि गावभरच्या गमती सांगे. आठवड्यातून तेवढाच एक माणसाचा आवाज. तिनं घाईघाईनं हात हलवून 'नको' म्हटलं.

"त्रास कसलो गे, काकी!" म्हणत गौरेश कामाला लागलासुद्धा.

केबल पलीकडच्या त्याच्या घरातून पोफळींमधून आली नि देवघराला टेकून असलेल्या कॉम्प्युटरच्या पाठीत शिरली. "हांगा हिरवो दिवो लागतलो. लागलो तर घंटा एकदा वाजय, ना तर दोनदा. मौन मोडूक नको!"

तो आपल्या घरी पळाला. तिथून ओरडला, "लागलो?"

टण, टण.

केबलीतल्या आठ रंगीत तारांचा क्रम बदलून झाला. "आता?"

टण, टण.

पाचव्या खेपेला शेजारची विनोदिनी फुलांचं तबक घेऊन धावत आली. "आज कसली गे मोठी पूजा? कळवलंस नाय ता!"

सत्यवतीनं कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. विनोदिनीनं क्षणभर विचार केला आणि त्याच्या डोक्यावर एक जास्वंद वाहिली. मागोमाग समोरच्या घरचे गुरुदास नारळ घेऊन आले, त्यांच्या सुनाही आल्या. फूल वाहिलेला कॉम्प्युटर बघून कुणी काही विचारलं नाही. ज्यानं त्यानं हात जोडले. चतुर्थीनंतर पहिल्यांदाच त्या घरात पाट कमी पडले.

आणि नेमका तेव्हाच दिवा लागला. हिरवा, तिळाएवढा.

"काकी, लागलो?" पोफळींतून हाक आली.

सगळ्यांच्या नजरा घंटेवर. सत्यवतीनं देवाकडे पाहिलं. खोटं बोलायचं नाही, हेही व्रतातच होतं. ती वाकली, केबलचं टोक अलगद ओढून काढलं, दिवा खरोखर विझल्याची खात्री करून घेतली आणि मग घंटा उचलली.

टण, टण.

"शी! ह्या केबलीतच खोट आसा. जावंदी, शनवारी पत्र घेवन येतां!"

गुरुदासांनी खणखणीत आवाजात आरती सुरू केली. ती संपताच सत्यवती लगबगीनं खिडकीशी गेली.

"शनवारी कित्याक रे?" मोकळ्या गळ्यानं ती ओरडली. "आताच ये, चाय ठेवतां!"