नीलिमाताईंनी घेतलेल्या मुलाखती

नीलिमाताईंनी आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टला सी ग्रेड दिली आहे. कारण विचाराल तर आतल्या आरशावर उजेड नेमका डोक्यावरून पडतो आणि प्रत्येकाचं नाक हनुवटीपर्यंत लोंबल्यासारखं दिसतं. "छायाप्रकाशाचा साधा विचार नाही," असं त्या रोज सकाळी सातव्या मजल्यावर आत शिरताना म्हणतात आणि तळमजल्यावर बाहेर पडताना पुन्हा एकदा म्हणतात. चौथ्या मजल्यावर चढणाऱ्या चिनी आजोबांना मराठी येत नाही, पण सी ग्रेड त्यांना बरोबर कळते. तेही आता आरशाकडे पाहून मान हलवतात.

सिंगापूरच्या पुंगोल भागातल्या आमच्या ब्लॉकमध्ये ग्रेड न मिळालेली वस्तू शोधून सापडणार नाही. खालच्या हॉकर सेंटरमधल्या, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांमधल्या, डोशाला बी. एलआरटीच्या, म्हणजे इथल्या छोट्या मेट्रोच्या, स्टेशनच्या छताला ए, कारण त्याची कड एका दमात ओढलेली वाटते. माझ्या बायकोच्या, मेधाच्या, रांगोळीला बी. माझ्या पोह्यांना सी. एकदा मी फार आशेने "निदान बी प्लस?" असं विचारलं, तर म्हणाल्या, "मकरंद, बी प्लस असं काही नसतं. एलिमेंटरीला ए, बी, सी आणि नापास. जगात एवढंच आहे."

एलिमेंटरी म्हणजे आपली शाळेतली चित्रकलेची परीक्षा. तुम्ही-आम्ही ती दिली, रंगाच्या पाण्याची वाटी सांडली आणि विसरून गेलो. नीलिमाताईंना तिच्यात ए ग्रेड मिळाली, त्याला चाळीस वर्षं होत आली, आणि त्या अजून त्या निकालातून बाहेर आलेल्या नाहीत. दरम्यान त्या मिरजेहून सिंगापूरला आल्या, हार्बरफ्रंटच्या एका शिपिंग कंपनीत फायनान्समध्ये चोवीस वर्षं काढली, इथल्या नागरिक झाल्या, आमच्या शेजारचा फ्लॅट घेतला. लग्न केलं नाही. "विचारायला आले होते दोघं, पण..." एवढं बोलून त्या हाताने जी खूण करतात तिच्यापुढे आमची लिफ्ट बरी.

पन्नासाव्या वर्षी त्यांनी ती नोकरी सोडली आणि कला शिक्षणाच्या डिप्लोमाला नाव घातलं. वर्गातली बाकीची मंडळी पंचविशीतली. नीलिमाताई दोन वर्षं पाठीला ड्रॉइंग बोर्ड लावून पहिल्या गाडीने जात राहिल्या, पास झाल्या आणि बावन्नाव्या वर्षी पहिली शिक्षिकेची नोकरी शोधायला निघाल्या.

इतर लोक मुलाखत द्यायला जातात. नीलिमाताई घ्यायला जात. पहिल्या शाळेतून आल्या तेव्हा मी विचारलं, "काय म्हणाले?"

"ते काय म्हणणार? मी म्हणाले. मुख्याध्यापिका बाई हुशार आहे, पण खोलीतले पडदे बघवत नाहीत. बी दिली."

मग हळूहळू बाकीचा वृत्तान्त बाहेर आला. त्यांनी डिप्लोमाच्या आधी एलिमेंटरीचं लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट टेबलावर ठेवलं होतं. बाईंनी ही पदवी आहे का म्हणून विचारलं. "पदवी कोणालाही मिळते," असं सांगून नीलिमाताईंनी त्यांना स्थिरचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र यांतला फरक समजावून दिला. पंधरा मिनिटं समजावला. मुलाखत वीस मिनिटांची होती.

दुसरी जागा एका मॉलमधल्या हॉबी क्लासची. तिथे शनिवार-रविवारी मुलांच्या वाढदिवसाच्या पार्ट्या असतात आणि बाईंनी कागदी मुकुट घालून रंग वाटायचे असतात. "मुकुटाची हरकत नव्हती," नीलिमाताई म्हणाल्या, "पण त्यांचा लाल रंग लाल नव्हता. नापास."

तिसरी मुलाखत ईस्ट कोस्टकडच्या एका खासगी शाळेत होती, आणि ही शाळा त्यांना मनापासून हवी होती. हे आम्हाला कसं कळलं? तर जाण्याआधी त्यांनी मेधाला विचारलं, "ही साडी बरी दिसते का गं?" नीलिमाताईंनी दुसऱ्याला ग्रेड विचारली, हे आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो.

तिथे वीस मुलांच्या वर्गावर नमुना पाठ घ्यायचा होता. टेबलावर एक बाटली आणि तीन संत्री. मागे दोन शिक्षक वही घेऊन बसलेले. संध्याकाळी नीलिमाताई आल्या त्या खुशीत. "झकास झाला पाठ. वीसपैकी एकोणीस बाटल्या सरळ उभ्या केल्या."

"मुलांनी?"

"मुलांना कुठे जमतंय? मी. हात फिरवला सगळ्यांच्या चित्रांवरून."

तुमच्या लक्षात आलं असेल. आपल्याकडे चित्रकलेचे सर मुलाच्या मागे येऊन उभे राहत, न बोलता पेन्सिल काढून घेत आणि दोन रेघांत आपल्या गाढवाचा घोडा करत. तो घोडा आपण घरी जाऊन "मी काढला" म्हणून दाखवायचो. त्याला हात फिरवणं म्हणत, आणि सरांनी हात फिरवला म्हणजे आपल्यावर मर्जी आहे असा त्याचा अर्थ असे. इथे मुलाच्या कागदाला बाईंनी पेन्सिल लावणं म्हणजे त्याच्या डब्यातलं उचलून खाणं. एकोणीस मुलं गप्प बसली. विसावा रडला, कागद पोटाशी धरून बसला, म्हणून त्याची बाटली तेवढी वाकडी राहिली.

तीन दिवसांनी ईमेल आली. दोन ओळींची, अतिशय नम्र. नीलिमाताईंनी ती आम्हाला दाखवली आणि या वेळी शाळेला ग्रेड दिली नाही. चहा अर्धा ठेवून घरी गेल्या. मला फार वाईट वाटलं. पुढच्या महिन्यात शाळा सुरू होणार होत्या. एकदा वर्ष सुरू झालं की चित्रकलेच्या बाईंची जागा सहसा निघत नाही. बावन्नाव्या वर्षी आणखी एक वर्ष घरात बसायचं, तेही लिफ्टमध्ये भेटणाऱ्या प्रत्येकाला "मी शिक्षिका आहे" असं सांगून झाल्यावर! आणि आता एकच बोलावणं उरलं होतं.

मग मेधाने सुचवलं की नीलिमाताईंनी आमच्या रेवावर सराव करावा. रेवा आठ वर्षांची. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इथल्या इंग्रजीत, ज्यात वाक्याला 'ला' किंवा 'आह' लागतं आणि 'चालेल' म्हणायला नुसतं 'कॅन' पुरतं. ती डायनिंग टेबलावर बस काढत होती. नीलिमाताई मागे उभ्या. मागचं चाक पुढच्या चाकाच्या दुप्पट झालं आणि त्यांचा हात आपोआप पेन्सिलीकडे गेला. रेवाने कागद ओढून घेतला.

"आंटी, धिस वन माइन ला! यू वॉन्ट, यू ड्रॉ युअर ओन."

मेधा "रेवा!" म्हणून ओरडली. नीलिमाताईंनी तिला थांबवलं. पुढे गेलेला हात त्यांनी मागे घेतला. मग म्हणाल्या, "बरोबर आहे. बस तिची आहे."

दुसऱ्या दिवसापासून त्या दोन मोठ्या खिशांचा एप्रन घालून येऊ लागल्या. दोन्ही हात खिशात. पंधरा दिवस आमच्या टेबलावर वाकड्या बसगाड्या, तीन पायांची मांजरं आणि आभाळापेक्षा मोठे ढग तयार होत होते आणि नीलिमाताई खिशात मुठी आवळून उभ्या होत्या.

"ते चाक..." त्या मध्येच म्हणत.

"व्हिच व्हील?"

"काही नाही. काढ तू."

चौथी शाळा पुंगोलचीच, लहानशी, एलआरटीने चार स्टेशनं पुढे. त्या दिवशी मी ऑफिसमधून तीनदा फोन केला, त्यांनी एकदाही उचलला नाही. संध्याकाळी लिफ्टचं दार उघडलं तर आत नीलिमाताई आणि चिनी आजोबा.

"घेतलं मी त्यांना," नीलिमाताई म्हणाल्या.

"काय सांगता!"

"आठवड्याचे चार दिवस. पहिली ते तिसरी. एका मुलीने निळं संत्रं काढलं, मकरंद. निळं! आणि मला विचारते, बरोबर आहे का? माझे हात खिशात. मी म्हटलं, तुला काय वाटतं? तर म्हणाली, हे रात्रीचं संत्रं आहे. मागे बसलेल्या बाई काहीतरी लिहायला लागल्या. मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी संत्र्याकडे बघत होते."

आजोबांना काही कळलं नव्हतं, पण त्यांनी हात पुढे करून नीलिमाताईंचं अभिनंदन केलं. मी मात्र सातव्या मजल्यावर उतरायचं विसरलो आणि नवव्यापर्यंत गेलो.

शाळा सुरू व्हायच्या आदल्या रविवारी त्या आमच्याकडे आल्या. वर्गात लावायला नमुन्याचं चित्र करायचं होतं. स्वतःच्या घरी मोठं टेबल असताना आमच्याकडे का, हे आम्ही विचारलं नाही. मेधाने तांब्या आणि दोन लिंबं मांडली. समोरच्या खुर्चीवर रेवा. नीलिमाताईंचा हात झरझर चालला, आणि तांब्याच्या तोंडापाशी येऊन थांबला.

"आमचे अण्णा ड्रॉइंग मास्तर होते," त्या कागदाकडेच बघत म्हणाल्या. "आम्ही पाच भावंडं. घरी आले की अण्णा कोणाशी बोलायचे नाहीत. पण मी चित्र काढायला बसले की मागून येऊन शेजारी बसायचे आणि पेन्सिल घ्यायचे. बोलायचे तेव्हाही नाहीत. पण तेवढा वेळ ते नुसते माझे असायचे. मी काय करायची, माहीत आहे? एक रेघ मुद्दाम चुकवायची."

मेधा गॅस बंद करून बाहेर आली.

"एलिमेंटरीला त्यांना येऊन बसता येत नव्हतं, म्हणून एकही चुकवली नाही. ए मिळाली. दाखवायला घरी गेले तर म्हणाले, आता तुला माझी गरज नाही. ते खूश होऊन म्हणाले होते गं. मला मात्र ते अजून..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "त्यानंतर माझ्या चित्राला कोणी हात लावला नाही. सगळे छान म्हणतात आणि लांबूनच जातात."

मी चित्राकडे पाहिलं. सगळं जिथल्या तिथे होतं. फक्त तांब्याचं तोंड एका बाजूला कललं होतं. चित्रकलेतलं मला ओ की ठो कळत नाही, पण ते मलासुद्धा दिसलं.

नीलिमाताईंनी कागद फिरवून रेवासमोर ठेवला आणि त्यावर पेन्सिल ठेवली.

"रेवा, हे चुकलंय बघ. जरा हात फिरव."

रेवाने आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "आंटी, कॅन आह?"

"कॅन," नीलिमाताई म्हणाल्या, उठल्या, आणि खुर्ची ओढून तिच्या अगदी शेजारी जाऊन बसल्या.