कॅरिअरवरची सोयरीक

"हळू चालव," असं कौशल्या आत्याबाईंनी सतराव्यांदा बजावलं तेव्हा चंद्रभानची सायकल उभी होती. पुढचं चाक बैलबंडीच्या चाकोरीत रुतलं होतं आणि मागे कॅरिअरवर बसलेल्या आत्याबाईंनी त्याचा नवा सदरा दोन्ही हातांनी गच्च धरला होता. चंद्रभानने दातओठ खाल्ले, पण आत्याला दुखवायची सोय नव्हती. तीन ठिकाणांहून त्याला नकार आला होता. हे चौथं स्थळ आत्याबाईंनी काढलेलं, आणि मुलीकडच्यांना काय सांगायचं नि काय झाकायचं ते सगळं त्यांच्याच जिभेवर. ही सोयरीक मोडली तर पुढचं स्थळ शोधायला आता कोणी उरलं नव्हतं.

अल्लीपूरची एसटी त्या दिवशी आलीच नाही, म्हणून हा सायकलचा उद्योग. सडकेने मुलीचं गाव, बोरखेडी, लांब पडतं; मधलं झुडपी जंगल ओलांडलं तर तासाभरात माणूस पोचतो. जंगल तसं नावालाच. पळस, बोरी आणि सागाची चार किडकी झाडं. पण त्यातली पायवाट मोठी बिलंदर. मुळ्यांवर उडवायची, मुरमावर घसरवायची आणि नेमका वळणावर धोंडा आडवा घालायची. या वाटेवर पाय न टेकता सायकल काढणारा पंचक्रोशीत आपण एकटे, असा चंद्रभानचा अभिमान होता, आणि एकट्याने जाताना तो खोटाही नव्हता.

आज मागे आत्याबाई होत्या. चढ आला की त्या पोराला जड होतं म्हणून न सांगता खाली उडी मारत, हँडल वाकडं होई आणि चंद्रभान बोरीत जाई. उतार आला की त्या डोळे मिटून त्याच्या पोटाला मिठी मारत, आणि चंद्रभान पुन्हा बोरीत जाई. त्यात चष्मा खिशात. चष्म्याचं मुलीकडे सांगितलेलं नव्हतं आणि त्यांच्यातलं कोण कुठे भेटेल याचा नेम नव्हता. त्यामुळे धोंडे त्याला आपटल्यावरच दिसत होते.

शेवटी तो वैतागला. "आत्या, आता तू बोलू नको. तू बोलली का माहं ध्यान जाते. मी काही म्हटलं तं निस्तं हूं म्हन. अन् नाला आला का उतरजो, पलीकडं गेल्यावर बसजो."

नाला आला. आत्याबाई उतरल्या. चंद्रभानने श्वास रोखला, ब्रेक निम्मा दाबला, अंग मागे टाकलं आणि दरडीवरून सायकल खाली सोडली. दगडांच्या फटीतून वाट काढत, एकदाही पाय न टेकता तो समोरच्या काठावर चढला. असं काही जमलं की बघायला नेमकं कोणी नसतं, म्हणून तो जरा चिडलाही. थोड्या वेळाने मागून काहीतरी पांढरं येताना अंधुक दिसलं. आत्याबाईंचं पातळ पांढरंच असे. "बस," तो म्हणाला. कॅरिअरवर वजन पडलं. या खेपेला सदरा ओढला गेला नाही. सांगितलेलं कळलं म्हणायचं, असं मनाशी म्हणत त्याने पायडल मारलं.

वाट सपाट लागली तशी त्याने उजळणी सुरू केली. "जिनिंगातली नोकरी पक्की हाय असं सांगजो. शिझन सरला का घरी बसवतात, हे काढू नको."

"हूं."

"वय सव्वीस. एकतीस म्हनशील तं पाटावरून उठवतील."

"हूं."

मग चष्मा झाला, तीनदा हुकलेली मॅट्रिक झाली. बोरखेडीची घरं दिसू लागली तेव्हा त्याने सगळ्यांत नाजूक गोष्ट काढली. "अन् तुले गुडघ्यापायी चुलीपुढं बसवत नाई म्हून घरचा सैपाक मी करतो, हे जीव गेला तरी सांगू नको. लोक हासतात."

या वेळी हूं आलं नाही. वजन उतरलं आणि भरदार मर्दानी आवाजात खोकलं. चंद्रभानने चाचपडत चष्मा लावला. समोर साठीचा एक गृहस्थ धोतराचा सोगा सावरत उभा होता.

"मी नत्थूजी. पोरीचा बाप," तो म्हणाला. पाहुण्यांना घ्यायला तो नाला ओलांडून आला होता आणि मागे राहिलेल्या आत्याबाई त्याला आधी भेटल्या होत्या. व्याह्याला पायी कसं चालू द्यायचं, म्हणून आत्याबाईंनी आपली जागा त्याला देऊन टाकली होती आणि त्या मागून चालत येत होत्या.

चष्मा आपोआप पुन्हा खिशात गेला. आत्याबाई येईपर्यंतचा अर्धा तास चंद्रभानने नत्थूजींच्या ओसरीवरच्या सतरंजीचे धागे मोजत काढला. पळून जावं तर वाट परत त्याच जंगलातून.

आत्याबाई आल्या, पाणी प्यायल्या आणि सुरू झाल्या. नोकरी पक्की, वय सव्वीस, मॅट्रिक एका झटक्यात. नत्थूजी मान डोलवत होते.

"अन् नजर कशी हाय?" त्यांनी भोळेपणाने विचारलं.

"घारीची," आत्याबाई म्हणाल्या. "अन् चुलीपाशी तं पाय ठेवत नाई. मर्दाचा मर्द हाय."

चंद्रभानला धरणी दुभंगावी असं वाटलं. मुलगी, कोकिळा, पोहे घेऊन आली, पण त्याला फक्त एक हिरवी साडी आणि त्यापुढे धरलेली बशी दिसली.

निघताना आत्याबाई आत बायकांशी बोलत होत्या. नत्थूजी सायकलपाशी आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "म्हताऱ्या आत्याले रांधून घालता, तं माही पोरगी उपाशी नाई राह्याची. आमच्याकडून जमलं समजा." मग त्यांनी आतल्या बाजूला एकदा नजर टाकली. "कोकिळेचं वय आमी बावीस सांगतलं होतं. सत्तावीस हाय. आत्याबाईले कळू देऊ नका."

चंद्रभानच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्याने वाकून त्यांच्या पाया पडण्याच्या नादात सायकल पाडली.

परतीच्या वाटेवर चंद्रभानने आत्याबाईंना होकार तेवढा सांगितला. दरडीशी आल्यावर त्या खाली उतरल्या आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "पाह्यलं? माह्या जिभेनं जमलं. तुह्या भरोशावर राह्यली असती तं हेबी गेलं होतं. सकाळपासून त्या मानसाशी एक शब्द तं बोलला का तू?"