अंबूबाईंचा आयतवार

"अंबू, कहाणी नुसती म्हणायची नसती. कुणीतरी ऐकायची असती. हातात तांदळाचे दाणे धरून, मन लावून, हुंकार देत. तवर घास तोंडात घालायचा न्हाई, बघ."

सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण श्रावणातला आयतवार उजाडला की त्यांचा हा आवाज चुलीपासून देवघरापर्यंत अंबूबाईंच्या मागे-मागे फिरे. गेल्या वर्षी नवऱ्याची, कुंडलिकरावांची, नजर अधू झाली तेव्हा अंबूबाईंनी सूर्यनारायणाचं हे व्रत धरलं होतं. देवाच्या कृपेनं नजर सुधारली. आज व्रताचा शेवटचा आयतवार. कहाणी कुणाच्या तरी कानावर घालायची आणि दिवस मावळायच्या आत जेवायचं, एवढंच उरलं होतं. ते चुकलं तर वर्षभराचं सगळं पाण्यात.

एरवी भोरसारख्या गावात ऐकणाऱ्या कानांना काय तोटा? पण बाजारामागच्या त्यांच्या आळीनं त्या महिन्यात एकाग्रता वाढवायला घेतली होती.

त्याचं कारण गंभीर होतं. पेन्शनीत निघालेले आनंदराव एका सोमवारी देवळातून गेनबाच्या वहाणा घालून घरी आले.

"रावसाहेब, त्या माझ्या वहाणा हायेत," गेनबा अनवाणी मागे येऊन म्हणाला.

"असतील. पण मी त्या पायात घालेपर्यंत तुझं लक्ष कुठं होतं?"

गेनबाला सांगता येईना. सबब दोष त्याचा ठरला आणि आळीची एकाग्रता चिंताजनक असल्याचं उघड झालं. आठवड्यातच 'अवधानवृद्धी मंडळ' निघालं. अध्यक्ष आनंदरावच झाले, कारण वहाणांच्या प्रकरणाची त्यांच्याइतकी जवळून माहिती कुणालाच नव्हती.

"कुणालाही फार कष्ट द्यायचे नाहीत," ते पहिल्या सभेत म्हणाले. "रोजच्या राहणीत लहानसहान बदल करायचे, एवढंच."

बदल खरोखरच लहान होते. जेवताना बोलू नये. घास पाण्यासारखा होईपर्यंत चावावा. एका वेळी एकच काम करावं. म्हणजे दळताना ओवी म्हणू नये.

"मग जात्याला झोप न्हाई का लागणार?" शेजारच्या फुलाबाईंनी विचारलं. प्रश्न विषयाला सोडून असल्यामुळे इतिवृत्तात घेतला नाही.

शिवाय प्रत्येकानं घरातल्या भिंतीवर काजळाचा ठिपका काढून सकाळ-संध्याकाळ त्याकडे टक लावून बसावं, असं ठरलं. ठिपक्याकडे बघणाऱ्याला दुधाकडे बघता येत नाही, त्यामुळे घरोघर दूध उतू जाऊ लागलं. मंडळानं चौकशी केली. ठिपका आपल्या जागी स्थिर असून हालचाल दुधानं केली, असा निष्कर्ष निघाला.

लोक खरोखर टक लावतात की नाही, हे बघायला निरीक्षक नेमणं भाग होतं. नेमणूक कुंडलिकरावांची झाली; आळीत सर्वांत ताजी नजर त्यांचीच. पण दुसऱ्यांकडे बघता बघता निरीक्षकाची स्वतःची एकाग्रता मोडू लागली. म्हणून एक उपनिरीक्षक दिला. त्यानं ठिपका काढलेली फळी घेऊन निरीक्षकांच्या पुढे उलट्या पावली चालायचं. निरीक्षक फळीकडे बघत, उपनिरीक्षक निरीक्षकांकडे बघे, आणि गटाराकडे बघण्याचं काम कुणाकडेच सोपवलेलं नव्हतं. कुंडलिकरावांचं धोतर त्या महिन्यात अंबूबाईंनी पुष्कळदा धुतलं.

पुढे आवाजाचा प्रश्न निघाला. देवळातल्या घंटेला फडकं गुंडाळलं. बांगड्या विकणाऱ्या रहमतबीला आळीत ओरडायची मनाई झाली. ती बिचारी प्रत्येक बाईच्या मागे येऊन कानाशी कुजबुजे, "बांगड्याऽ". त्यानं तिघी दचकून पडल्या, पण शांततेला बाध आला नाही.

अशा त्या आळीत अंबूबाई मुठीत दाणे घेऊन ऐकणारं माणूस शोधायला निघाल्या.

आधी घरातच विचारलं. कुंडलिकराव जेवायला बसले होते. सकाळचा घास अजून पाण्यासारखा व्हायचा होता. त्यांनी बायकोकडे बघितलं, दाण्यांकडे बघितलं आणि बोटानं तोंड दाखवलं.

"तोंड चालू द्या की. कान तर रिकामं हायेत?"

कुंडलिकरावांनी एक बोट वर केलं. एका वेळी एकच काम.

'ह्यांच्याच डोळ्यांसाठी धरलं होतं,' अंबूबाईंच्या मनात आलं. पण उपासाच्या दिवशी नवऱ्याविषयी वाकडं मनात आणू नये, म्हणून त्यांनी ते तिथंच सोडलं आणि फुलाबाईंच्या उंबऱ्याशी गेल्या.

"फुलाबाई, कहाणीला हुंकार देता का जरा?"

"आत्ता न्हाई हो, काकी," फुलाबाई भिंतीवरची नजर न काढता म्हणाल्या. "ठिपका हलायला लागलाय. आनंदराव म्हनत्यात, हलला की समाधी जवळ आली."

"अवो, ती माशी हाय."

"असंना. इतक्या दिवसांत पयल्यांदा कायतरी हललंय, बगू द्या."

अंबूबाई आनंदरावांकडे गेल्या. त्यांनी सगळं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"अंबूबाई, विचार करा. कहाणी ऐकणं हे एक काम. दाणे धरणं हे दुसरं. हुंकार देणं तिसरं. नियमात बसवू कसं?"

"दाणं म्या धरते, हुंकार बी म्याच देते. तुमी ऐका निस्तं."

"ऐकलं असतं. पण श्रवणाचा दिवस गुरुवार ठरलाय."

"उपास आज हाय, रावसाहेब."

"तेवढा गुरुवारपर्यंत पुढं न्या," आनंदराव मायेनं म्हणाले.

ऊन डोंगराकडे सरकलं. अंबूबाई ओट्यावर येऊन बसल्या. आत चुलीवर खीर झाकून ठेवलेली. पोटात नुसती आग. इतक्यात कानाशी कुणीतरी पुटपुटलं, "बांगड्याऽ."

"अगं रहमतबी! जीव गेला आसता माजा!"

"मी तरी काय करू, बाई? हुकूमच तसा हाय. तोंड का उतरलंय?"

अंबूबाईंनी सांगितलं. रहमतबीनं टोपली खाली ठेवली. "एवढंच व्हय? सांगा की. पन माझ्या हाताला चाळा लागतो. तुमचा हात हिकडं द्या. दाणं घालते पदराच्या गाठीला."

आणि अंबूबाईंनी कहाणी सुरू केली. रहमतबी एकीकडे बांगड्या चढवत होती, एकीकडे पान चघळत होती, जाणाऱ्या-येणाऱ्याला हात करत होती. मंडळाचे सगळे नियम तिनं एका बैठकीत मोडले. पण कहाणीतल्या राणीनं उन्मत्त होऊन व्रत टाकलं, तिथं तिचा हात थांबला. "आन् राजा काय झोपला व्हता?" राणी रानोमाळ भटकली, तिथं ती इतकी कळवळली की एक बांगडी तिच्या हातातच फुटली. देव प्रसन्न झाला तेव्हा म्हणाली, "झालं बाई एकदाचं! लई हाल केलं बिचारीचं."

कहाणी पुरी झाली. ऊन अजून ओट्यावर होतं. अंबूबाईंचे डोळे भरून आले. "रहमतबी, उपकार झाले गं. तुझं काय काम असलं तर सांग."

"हाय की. तुमी उद्या सारोळ्याला भावाकडं जानार न्हवं? माझी बद्रुन्निसा तितंच हाय, पिंजाऱ्याच्या घरात दिलीया."

"व्हय, व्हय." आतून खिरीतल्या वेलदोड्याचा वास आला.

"तिला म्हनावं, बाचा राग गेला. दोन सालं नाव घेऊ देत न्हवता. आता सोताच इचारतो."

"व्हय गं." पानावर आधी भात वाढावा की खीर?

"ईदेची वाट बगू नको म्हनावं. लेकराला घिऊन तशीच ये. आमी अजून तोंड बी बगितलं न्हाई त्याचं. सांगाल न्हवं, बाई?"

"सांगते. सूर्यनारायणाची आण, सांगते!" म्हणत अंबूबाई आत गेल्याच. आधी खीर वाढली.

व्रत यथासांग पार पडलं. अंबूबाईंना शांत झोप लागली. सकाळी मोटारीसाठी गाठोडं बांधताना कुंडलिकरावांनी विचारलं, "रहमतबीचा काय निरोप हाय म्हनं?"

"तिच्या लेकीला द्यायचाय."

"नाव काय लेकीचं?"

अंबूबाईंनी गाठ सोडून पुन्हा बांधली. नाव आठवेना. निरोप आठवेना. आठवत होता तो वेलदोडा.

त्या फुलाबाईंकडे गेल्या. त्या काल सगळा वेळ शेजारीच ठिपक्यापुढे बसून होत्या. "बोलत व्हता खरं तुमी. पन माझी माशी उडाली त्याच वक्ताला." ओट्यापुढून आनंदराव जात होते, त्यांना विचारलं. "आमचं लक्ष होतं," ते म्हणाले, "पण बांगडी फुटली त्या नियमभंगाकडे."

राहिले वाचक. त्यांनी तर हे सगळं आत्ताच, एका वेळी एकच काम करत, सावकाश वाचलं आहे. तेव्हा लेकीचं नाव काय, कुणाच्या घरात दिली आणि निरोप काय, हे वर नजर न टाकता सांगावं. अंबूबाईंची एक खेप वाचेल.

अंबूबाईंनी थोडा वेळ वाट पाहिली. मग पदर सारखा केला, गाठोडं काखोटीला मारलं, आणि मोटारीच्या अड्ड्याकडे न वळता खालमानेनं रहमतबीच्या घराची वाट धरली.